पहिलं स्टिल निवडताना: शंभर लिटर फळवाइन आणि तीन फोटो

माझ्या एका मैत्रिणीची फळबाग आहे. सफरचंद आणि नाशपाती. डाग पडलेली, आकाराने बेडौल, बाजारात न खपणारी फळं दरवर्षी उरतात. त्यांचा रस काढून ती चार वर्षं वाइन करते आहे, आणि चांगली करते. गेल्या हंगामात तिच्याकडे जवळपास शंभर लिटर वाइन साठली आणि तिने ठरवलं, की ही वाइन गाळून, म्हणजे उकळून आणि तिची वाफ थंड करून, फळांची ब्रँडी करायची. तिने मला तीन फोटो पाठवले आणि खाली एकच ओळ लिहिली: "यातलं कुठलं घेऊ?"

त्या एका ओळीचं उत्तर द्यायला आम्हाला तीन आठवडे लागले. आणि जे घेतलं, ते त्या तीन फोटोंत नव्हतंच. असं का झालं ते सविस्तर लिहितो, कारण पहिलं स्टिल, म्हणजे अल्कोहोल गाळायचं भांडं, घेणारा जवळजवळ प्रत्येक जण याच वळणांवर अडतो.

आधी कायद्याचं. बीअर किंवा वाइन घरी करायला अनेक देशांत मोकळीक असते, अल्कोहोल गाळायला मात्र बहुतेक ठिकाणी परवाना लागतो आणि त्याशिवाय गाळणं हा गुन्हा आहे. न्यूझीलंडने १९९६ मध्ये स्वतःपुरतं घरी गाळायला परवानगी दिली, पण असे देश फार थोडे. मैत्रिणीने तिच्या इथे लागणारी परवानगी आधी काढली आणि मग फोटो पाठवले. हा क्रम उलटा करू नये. कागद हातात नसेल तर पुढचं वाचून ठेवावं, विकत काही घेऊ नये.

तर ते तीन फोटो. पहिला, टेबलावर ठेवायचा चार लिटरचा विजेचा डबा. वर पंखा, पाण्याची भानगड नाही, दिसायला चहाच्या मोठ्या किटलीसारखा. दुसरा, तीस लिटरची स्टीलची टाकी आणि तिच्यावर मीटरभर उंचीचा रिफ्लक्स कॉलम. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत "९५ टक्के". तिसरा, ठोकून घडवलेलं तांब्याचं वीस लिटरचं अलेम्बिक, म्हणजे जुन्या धाटणीचं पॉट स्टिल, वर कांद्याच्या आकाराचा घुमट, त्यातून हंसाच्या मानेसारखी वळून खाली उतरलेली नळी. तिचं मन तिसऱ्यावर होतं आणि हिशेब दुसऱ्याकडे झुकत होता. "अरे, जितकं शुद्ध तितकं चांगलं, नाही का?" असं तिने विचारलं.

मी तिला उलट विचारलं, "अगं, बाटलीत काय हवंय तुला? ग्लास नाकाजवळ नेल्यावर कसला वास यायला हवा?"

ती म्हणाली, "नाशपातीचा. नाहीतर एवढा खटाटोप कशाला?"

खरं तर दुसऱ्या फोटोचा निकाल तिथेच लागला होता. पण का लागला, हे नीट समजून घेण्यासारखं आहे.

शुद्ध इथेनॉल ७८.४ अंशांना उकळतं, पाणी १०० ला. दोघं एकत्र असतील तर मिश्रण या दोहोंच्या मधल्या कुठल्या तरी तापमानाला उकळतं, आणि निघणाऱ्या वाफेत अल्कोहोलचं प्रमाण खालच्या द्रवापेक्षा जास्त असतं. साध्या पॉट स्टिलमध्ये ही वाफ एकदाच वर जाते, थंड होते आणि बाहेर पडते. कॉलममध्ये तांब्याची जाळी किंवा छोट्या कड्या भरलेल्या असतात. वरून थंड होऊन परतणारे थेंब (हाच रिफ्लक्स) त्यांच्यावरून खाली ओघळतात आणि खालून चढणारी वाफ त्या थेंबांना भेटते. दर काही सेंटीमीटरवर एक छोटं ऊर्ध्वपातन पुन्हा घडतं. म्हणून कॉलममधून एकाच खेपेत नव्वदच्या वर टक्केवारी मिळते. त्याला एक छतही आहे: वजनाने ९५.६ टक्क्यांच्या आसपास इथेनॉल आणि पाणी एकच पदार्थ असल्यासारखे उकळू लागतात आणि साध्या गाळण्याने त्यापुढे जाता येत नाही.

पण या प्रत्येक छोट्या ऊर्ध्वपातनात अल्कोहोलशिवायचं बरंच काही मागे राहतं, आणि फळाचा वास या 'बरंच काही'मध्येच असतो. जगभरच्या नियमांकडे पाहिलं तरी हे लक्षात येतं. अमेरिकेत न्यूट्रल स्पिरिट, म्हणजे स्वतःचा वास-चव नसलेलं मद्य, म्हणवून घ्यायचं तर ९५ टक्के किंवा जास्त तीव्रतेपर्यंत गाळावं लागतं, युरोपात ९६. उलट बर्बन ही अमेरिकी व्हिस्की ८० टक्क्यांच्या वर गाळलं तर त्याला बर्बन म्हणता येत नाही. कोन्याक ही फ्रेंच ब्रँडी तांब्याच्या पॉटमध्ये दोनदा गाळतात आणि पहिल्या खेपेचा माल जेमतेम तिशीच्या आसपास असतो. म्हणजे धान्याचा किंवा फळाचा गुण राखायचा असेल तर गाळण्याची तीव्रता मुद्दाम कमी ठेवतात. "९५ टक्के" हे आकर्षण व्होडकासाठी, जिनच्या पायासाठी, औषधी अर्कांसाठी योग्य आहे. नाशपातीच्या ब्रँडीसाठी तोच आकडा नुकसानीचा.

तिचा पुढचा मुद्दा रास्त होता: "पण कॉलममधली जाळी काढली की तो पॉटसारखाच चालतो ना? मग दोन्ही कामं एकात." चालतो. पण कॉलमसाठी उंच छत लागतं, थंड पाण्याचा प्रवाह एकसारखा लागतो, आणि पाणी थोडं कमीजास्त झालं की रिफ्लक्सचं प्रमाण बिघडतं. जे काम वर्षातून एकदा करायचं त्यासाठी दर खेपेला ही कसरत कशाला? मी सुचवलं, की टाकीचं तोंड रुंद आणि प्रमाणित क्लॅम्पचं घे. उद्या जिनचा नाद लागला तर फक्त कॉलम आणून बसवता येईल, टाकी तीच राहील.

मग वळलो चार लिटरच्या डब्याकडे. बहुतेक लोक इथून सुरुवात करतात: जागा कमी लागते, भीती कमी वाटते. मी त्याला हसत नाही. ज्याच्याकडे महिन्याला पाच लिटर वाइन होते त्याला तो पुरतो. पण तिची वाइन सात टक्क्यांची आणि शंभर लिटर, म्हणून आम्ही कागद-पेन घेऊन बसलो.

अशा डब्याचं हीटर साधारण ३५० वॉटचं असतं. चार लिटर वाइन उकळीला, म्हणजे ९४ अंशांच्या आसपास आणायला तासभर जातो. पुढे लिटरभर माल निघायला आणखी दीड तास. म्हणजे एका खेपेला अडीच तास. आता ३५ लिटरची टाकी घ्या, त्यात २५ लिटर भरा, हीटर २००० वॉटचं. उकळी यायला तास, सहा लिटर माल निघायला दीड-पावणेदोन तास. एका खेपेला पुन्हा अडीच-पावणेतीन तासच! उष्णता थोडी वाया जाते ती दोन्हीकडे धरा. मुख्य फरक खेपांचा: शंभर लिटरला डब्याच्या पंचवीस खेपा, टाकीच्या चार. आणि गाळताना स्टिलसमोरून उठायचं नसतं. म्हणजे एकीकडे साठ-पासष्ट तास पहारा, दुसरीकडे दहा-अकरा. पंचविसाव्या खेपेला लक्ष विचलित होणार नाही असं छातीठोकपणे कोण सांगेल? लहान भांडं सुरक्षित असतं हा समज मला म्हणूनच अर्धवट वाटतो.

दुसरी गोष्ट: ३५ लिटरच्या टाकीत २५च लिटर का? फेसासाठी. वर पाव भाग तरी मोकळा हवा. विक्रेते "तीस लिटर" म्हणतात ते काठोकाठचं माप असतं, भरायचं नाही.

मोकळ्या जागेची ही गोष्ट मी पुस्तकातून शिकलो नाही. माझं स्वतःचं पहिलं भांडं म्हणजे घट्ट बसणाऱ्या झाकणाची एक टाकी होती आणि तिच्यातून निघणारी नळी आतून जेमतेम सहा मिलिमीटरची. मी त्यात फळांचा गर असलेलं आंबवण गळ्यापर्यंत भरलं. उकळी आली, फेस चढला, फेसाबरोबर गर नळीत गेला आणि थेंब थांबले. मला वाटलं, आच कमी पडते आहे, म्हणून मी ती वाढवली. दोन-तीन मिनिटांत झाकणाखालचं रबर एका बाजूने फाटून बाहेर आलं आणि खोली गरम वाफेने भरली. शेगडी विजेची होती, खोलीत कुठेही ज्वाळा नव्हती, मी दाराजवळ उभा होतो. या तिन्ही गोष्टी जुळून आल्या म्हणून मी आज हे लिहितो आहे. इथेनॉलची वाफ हवेत ३.३ ते १९ टक्के असली की पेट घेते, ती हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते, आणि तिची निळसर ज्वाळा भर उजेडात धड दिसतही नाही.

त्यामुळे मैत्रिणीच्या प्रत्येक फोटोत मी सगळ्यात आधी एकच पाहिलं: टाकीतून बरणीपर्यंत वाफेची वाट किती रुंद आहे, आणि तिच्यात कुठे झडप, चाळण किंवा आवळलेला भाग आहे का. स्टिल म्हणजे प्रेशर कुकर नव्हे. त्याचं शेवटचं टोक कायम उघडं असायला हवं. वाटेत बंद होणारं काहीही नको, आणि तरीही झाकणावर दाब सोडणारी झडप हवी. जुन्या पद्धतीत सांधे पिठाच्या लगद्याने लिंपत, त्यातही हाच शहाणपणा होता: दाब वाढलाच तर आधी पीठ उडेल, भांडं फुटणार नाही.

आता तिसरा फोटो. इथे ती हळवी झाली होती, आणि मीसुद्धा. तांब्याचा मान केवळ रूपासाठी नाही. आंबवताना यीस्ट गंधकाची संयुगं तयार करतं, सडक्या अंड्यासारखा, शिजलेल्या कोबीसारखा वास त्यांचाच. गरम वाफ तांब्यावरून गेली की ती संयुगं तांब्याशी बांधली जातात आणि मालात उतरत नाहीत. निव्वळ स्टीलच्या स्टिलमधला माल कित्येकदा नाकाला खुपतो तो यामुळे. तेव्हा तांबं हवंच होतं.

अडचण सांध्यांची. फोटो मोठा करून पाहिला तर घुमट आणि मान जिथे जुळतात तिथे करड्या रंगाचा डाग (धातू जोडायचं सोल्डर) लावल्याचा जाड पट्टा दिसत होता. तिने विक्रेत्याला विचारलं, डाग कसला? उत्तर आलं, "खाद्य दर्जाचा." पुन्हा विचारलं, त्यात कुठले धातू आहेत? त्याला उत्तर नाही. शिसं असलेल्या डागावरून आम्लधर्मी वाइन आणि अल्कोहोल जाऊ दिलं तर शिसं मालात उतरतं. बेकायदा भट्ट्यांमध्ये गाडीचे जुने रेडिएटर कंडेन्सर, म्हणजे वाफ थंड करणारा भाग, म्हणून वापरल्याने लोकांना शिशाची विषबाधा झाली, त्याचं कारण हेच. शिसं चवीवरून कळत नाही. चांदीमिश्रित डागही चालतो, पण त्यात कॅडमियम नाही हे लेखी हवं. जस्ताचा मुलामा नको, शिसं असलेलं पितळ नको, वाफेच्या वाटेवर प्लास्टिक किंवा साधं रबर नको. गास्केट (सांध्यातली चकती) पीटीएफईचं, म्हणजे टेफ्लॉनचं असावं.

तिने फोटो बंद केला आणि थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "डाग नसलेलं, वेल्ड केलेलं तांबं मिळालं तर?" मिळतं. पण ते अलेम्बिक उघड्या आचेवर ठेवायचं होतं, आणि तिची जागा म्हणजे बागेतली अवजारांची खोली, कोपऱ्यात पेट्रोलवर चालणारं गवत कापायचं यंत्र. आम्ही आधी ते यंत्र हलवलं. ज्वाळेला त्या खोलीत प्रवेश नाही हे तिथेच ठरलं. विजेचं हीटर, भिंतीच्या तळाशी हवा जायला झरोका, हाताशी अग्निशामक. वाइन निवळून घेतलेली असल्यामुळे हीटरवर गर करपण्याची भीती नव्हती. गरासकट गाळायचं असतं तर हीटर टाकीच्या आत नको, तळाखाली हवं, असं मी सांगितलं असतं.

मग घेतलं काय? पस्तीस लिटरची स्टीलची टाकी, हात आत घालून घासता येईल एवढ्या रुंद तोंडाची. तिच्यावर पन्नास मिलिमीटर व्यासाचं तांब्याचं डोकं, तिरकी उतरणारी मान, पुढे सरळ लिबिग कंडेन्सर: एका नळीभोवती दुसरी नळी, मधून पाणी. पाणी खालून शिरतं, वरून बाहेर पडतं. सरळ नळी मी मुद्दाम सुचवली. वेटोळ्याच्या आत काय साचलंय ते कधीच दिसत नाही.

पाण्याचं उत्तर तिने स्वतः शोधलं. नळ वाहता ठेवायचा तर खेपेला सत्तर-ऐंशी लिटर पाणी सांडून जाईल हे तिला पटेना. तिने दोनशे लिटरचं पिंप आणि छोटा पंप लावला. एका खेपेत पिंपाचं पाणी चौदा-पंधरा अंशांनी तापतं, दुसऱ्या दिवशीपर्यंत निवतं. आठवड्यातून एक खेप या तिच्या वेळापत्रकात ते अगदी चपखल बसलं.

थर्मामीटर, डिजिटल पडदे, आपोआप बंद होणारे कंट्रोलर यांवर आम्ही फार वेळ घालवला नाही. एक साधं थर्मामीटर आणि एक अल्कोहोलमीटर पुरे. बाकी काम नाक करतं.

आल्या आल्या तिने वाइन भरली नाही. आधी नुसतं पाणी उकळलं. क्लॅम्पच्या सांध्यातून वाफेची बारीक रेघ निघताना दिसली. गास्केट अर्धा मिलिमीटर सरकलं होतं, बस्स. ते पाणी होतं म्हणून नुसतं दिसलं, अल्कोहोल असतं तर निराळं झालं असतं. मग पाण्यात व्हिनेगर घालून एक खेप. शेवटी थोडी वाइन गाळून तो सगळा माल ओतून दिला. नव्या धातूवरचं तेल आणि धूळ त्यात निघून जाते.

पुढच्या चार आठवड्यांत चार खेपा. प्रत्येकीत सहाएक लिटर कच्चा माल, पंचवीस-सव्वीस टक्क्यांचा. असा चोवीस लिटर साठला आणि पाचव्या आठवड्यात तो एकत्र करून दुसरं गाळणं. यावेळी आच निम्मी, धार पेन्सिलीच्या शिशाएवढी बारीक. पहिला दीडशे मिलिलिटर तिने फेकला. त्यानंतर अर्ध्या अर्ध्या लिटरच्या सतरा काचेच्या बरण्या, प्रत्येकीवर आकडा.

मिथेनॉलबद्दल तिने दोनदा विचारलं. पहिला भाग फेकला की मिथेनॉल गेलं, हे सरसकट खरं नाही. ते ६४.७ अंशांना उकळतं, पण पाणी-अल्कोहोलच्या मिश्रणात ते असं एका घोटात बाहेर येत नाही, सगळ्या मालात थोडं थोडं पसरतं. फळांच्या पेक्टिनमधून येणारं त्याचं प्रमाण नीट आंबवलेल्या रसात थोडं असतं, ते मुळात वाढू न देणं हाच उपाय: निवळ रस, आणि पेक्टिन तोडणारं एन्झाइम उगाच ओतायचं नाही. माणसं दगावतात ती बहुतेक वेळा कुणी औद्योगिक मिथेनॉल मिसळल्यामुळे. आणि विकतचं मिथेनॉल मिसळलेलं स्पिरिट गाळून पिण्याजोगं होईल या भ्रमात कुणी, कधीही राहू नये. होत नाही.

बरण्या तिने कापड झाकून एक दिवस तशाच ठेवल्या. दुसऱ्या दिवशी मी गेलो. पहिल्या तीनमध्ये नखांचं पॉलिश काढायच्या द्रवाचा वास, इथाइल अॅसिटेटचा. चौथीत तो विरळ झाला. सातवी उघडली आणि तिने ती हातातून खाली ठेवलीच नाही. सोललेल्या नाशपातीचा, सालीच्या अगदी आतल्या बाजूचा वास. तेराव्या बरणीपासून ओल्या पुठ्ठ्यासारखं काहीतरी डोकावू लागलं, सोळावीत फक्त तेच उरलं. चौथी ते बारावी एकत्र केल्या: साडेचार लिटर, ६५ टक्के. शुद्ध पाणी घालून ४२ वर आणल्यावर सातएक लिटर ब्रँडी झाली. शंभर लिटरची सात.

परवा तिने आणखी एक फोटो पाठवला. धुतलेलं स्टिल टेबलावर सुटं मांडलेलं, आणि ती स्वतः कंडेन्सरची नळी दुर्बिणीसारखी डोळ्याला लावून खिडकीकडे बघते आहे. खाली लिहिलं होतं, "उजेड दिसतोय. उद्या भरते."